आधी पाजावे, मग मागावे




फाल्गुन सरला की मराठवाड्यातील लहान गावांच्या तोंडी एकच विषय उरतो. मी ज्या कसब्यात इमामत करतो, तेथेही याहून वेगळे नाही. तलाव तळाला जातो, नळाला दहाव्या-बाराव्या दिवशी पाणी येऊ लागते आणि टँकरचा भाव रोज नवा ऐकू येतो. अखेर गावातील सर्व समाजांची मंडळी एकत्र बसली आणि शेजारच्या शहराकडे पाणी विकत मागावे असे ठरले. शहराची मोठी जलवाहिनी आमच्या शिवेपासून फार दूर नाही. जोडवाहिनीचा खर्च आम्ही करू, हजार लिटरमागे ठरेल तो दर देऊ, असा अर्ज तयार झाला. शहराकडून आलेल्या पहिल्या उत्तराचा भावार्थ असा होता की, आमच्याच वस्त्यांना आठवड्यातून एकदा पाणी मिळते. तुम्हाला कोठून द्यावे?

त्या जुम्याला नमाजनंतर अनेकांनी मला दोन प्रश्न विचारले. पाण्याची विक्री शरीअतमध्ये जायज आहे काय? आणि शहराने नकार दिला तर शहरवासी अल्लाहपुढे दोषी ठरतील काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे मी पुढे देणार आहे. परंतु वाचकहो, तिसरा एक प्रश्न होता. तो कोणी विचारला नाही, आणि खरे सांगायचे तर माझ्याही मनात तो लवकर आला नाही. पाणी मागणाऱ्याचे स्वतःचे कर्तव्य काय?

पाणी कोणाचे?

दिव्य कुरआनच्या सूरह अल्-वाकिआमध्ये (आयत ६८ ते ७०) अल्लाह मानवाला एक साधा प्रश्न विचारतो. तुम्ही पिता ते पाणी ढगांतून तुम्ही उतरविले की आम्ही? आम्ही इच्छिले असते तर ते खारे केले असते, मग तुम्ही कृतज्ञ का होत नाही? या प्रश्नाला उत्तर देता येत नाही, केवळ मान झुकविता येते. धरण माणसाने बांधले, वाहिनी माणसाने टाकली, पण त्यातून वाहणारा थेंब कोणत्याही नगरपालिकेने, कोणत्याही शासनाने निर्माण केलेला नाही.

म्हणूनच प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पाणी, चारा आणि अग्नी या तीन गोष्टींत लोक भागीदार असल्याचे सांगितले. हे वचन अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. सहीह बुखारीमधील एका हदीसमध्ये तर अंगावर काटा उभा राहावा असा इशारा आहे. कियामतच्या दिवशी ज्यांच्याकडे अल्लाह कृपादृष्टीने पाहणार नाही, त्यांत गरजेपेक्षा अधिक पाणी अडवून ठेवणाराही असेल. त्याला सांगितले जाईल की, जे तुझ्या हातांनी घडविलेले नव्हते त्यातील शिल्लक तू रोखून धरलीस, तशीच आज मी माझी कृपा तुझ्यापासून रोखतो.

यातील 'शिल्लक' हा शब्द लक्षात ठेवावा. साऱ्या चर्चेची किल्ली तोच आहे.

किंमत कशाची?

फिकहच्या ग्रंथांत पाण्याचे प्रकार वेगळे करून सांगितले आहेत. नदी, ओढा, झरा यांतील पाणी सर्वांसाठी मोकळे. विहीर एखाद्याच्या मालकीच्या जमिनीत असली, तरी तिच्या पाण्यावर तहानलेल्या माणसाचा व जनावराचा पिण्याचा हक्क राहतो. यालाच 'हक्के शफा' म्हणतात. शेत भिजविण्याचा हक्क वेगळा, त्याला 'हक्के शिर्ब' म्हणतात आणि त्याचे नियम अधिक काटेकोर आहेत. मात्र ज्याने पाणी उपसून आपल्या घागरीत, पखालीत किंवा टाकीत भरले, त्याचे श्रम त्यात मिसळले. असे पाणी त्याच्या मालकीचे होते आणि ते विकणे जायज आहे.

आजच्या नळाच्या पाण्याला हाच न्याय लागू होतो. धरणातून पाणी उचलायला वीज लागते, गाळायला तुरटी व क्लोरीन लागते, वाहून न्यायला लोखंडी नळ आणि माणसे लागतात. शहराने या खर्चाचा दर मागितला तर त्यात काही गैर नाही आणि तो दर चुकता करणे खरेदीदार गावावर बंधनकारक आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे. दुसऱ्याचे उत्तर 'शिल्लक' या शब्दात आहे. शहरातील माणसांची तहान आधी भागविणे हे शहराचे कर्तव्यच आहे, त्यासाठी ते दोषी ठरत नाहीत. पण तहान भागल्यानंतर उरलेले पाणी 'उरलेच नाही' असे दाखविणे, किंवा दुसऱ्याची अडचण पाहून दर चढविणे, हा अपराध आहे. शिल्लक किती, याचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला गेला पाहिजे.

मदीनेतील विहीर

पाणी विकत घेण्याचा प्रसंग इस्लामच्या इतिहासात अगदी आरंभीच आला. मक्का सोडून मुहाजिर मदीनेत आले, तेव्हा तेथे गोड्या पाण्याची टंचाई होती. रूमा नावाच्या विहिरीचे पाणी गोड होते, पण ते विकत घ्यावे लागे. ज्यांनी घरदार मागे टाकले होते, त्यांच्या हाती पाण्यापुरते पैसे कोठून असणार? तेव्हा प्रेषित (स.) यांनी विचारले की, ही विहीर विकत घेऊन आपली बादली इतर मुसलमानांच्या बादलीसारखीच तिच्यात सोडील असा कोण आहे? त्याला जन्नतमध्ये याहून उत्तम मोबदला मिळेल. हजरत उस्मान (रजि.) यांनी स्वतःच्या संपत्तीतून ती विहीर घेतली आणि सर्वांसाठी वक्फ केली.

यातील अट नीट पाहावी. विकत घेणाऱ्याची बादली इतरांच्या बादलीसारखीच. पैसे मोजले म्हणून पाळी पहिली नाही आणि घागर मोठी नाही. इतिहासकारांच्या एका कथनानुसार मालकाने आधी अर्धीच विहीर विकली, एक दिवस त्याचा, एक दिवस हजरत उस्मान (रजि.) यांचा. लोक मोफत दिवशी दोन दिवसांचे पाणी भरून नेऊ लागले, तेव्हा मालकाच्या दिवसाला गिऱ्हाईक उरले नाही व त्याने उरलेला हिस्साही विकला. रकमेविषयी कथने वेगवेगळी आहेत, पण रक्कम मोठी होती यात शंका नाही.

या कथेचा शेवट आपण फारसा सांगत नाही. हिजरी ३५ मध्ये बंडखोरांनी हजरत उस्मान (रजि.) यांच्या घराला वेढा घातला आणि त्यांचे पाणी तोडले. ज्याने सर्वांना रूमाचे पाणी खुले केले, त्यालाच तिचे पाणी मिळेना. त्यांनी वेढा घालणाऱ्यांना त्या खरेदीची आठवण करून दिली, पण उपयोग झाला नाही. पाणी अडविणारा माणूस इतिहासात कोणाच्या रांगेत जाऊन उभा राहतो, ते यावरून कळावे.

लातूरचा तो उन्हाळा

आपल्या पिढीने पाहिलेली घटना लातूरची आहे. मांजरा धरण आटले आणि २०१६ च्या मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी तंटे होऊ नयेत म्हणून प्रशासनाला जमावबंदीचा आदेश काढावा लागला. एप्रिलमध्ये मिरजेहून 'जलदूत' ही पाण्याची रेल्वेगाडी निघाली. पहिल्या फेरीत १० वाघिणी आणि ५ लाख लिटर पाणी. पुढे ५० वाघिणींतून प्रत्येक फेरीला सुमारे २५ लाख लिटर. कृष्णेचे पाणी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून लातूरकरांच्या घागरीत पडत होते. त्या वर्षीचा रमजान जूनमध्ये आला, तेव्हाही ही गाडी चालूच होती. कृष्णाकाठच्या पाण्यावर त्या वर्षी लातूरमध्ये कित्येकांनी रोजा सोडला असेल.

ज्या सांगली जिल्ह्यातून हे पाणी निघाले, त्याच्याच पूर्वेकडील जत व आटपाडी हे तालुके स्वतः अवर्षणग्रस्त आहेत. देणाऱ्याच्या घरी सुकाळच असतो असे नाही. पुढे रेल्वेकडून वाहतुकीपोटी सुमारे ४ कोटी रुपयांचे बिल जिल्हा प्रशासनाकडे आले आणि संकटकाळी कसले बिल मागता, म्हणून मोठा गदारोळ झाला. वाहून नेण्याला खर्च येतोच आणि तो कोणीतरी सोसावाच लागतो. मात्र तहानेने व्याकूळ झालेल्याकडे तो त्याच घटकेला मागावा का, हा प्रश्न कायद्याचा नसून एहसानचा आहे. आपला धर्म न्याय सांगतो आणि न्यायाच्या एक पायरी वर एहसान ठेवतो.

वरच्याने किती घ्यावे?

मदीनेत महजूर नावाचा ओढा होता. त्याचे पाणी आधी वरच्या शेतांना लागे, मग खालच्या. प्रेषित (स.) यांनी त्याबाबत निर्णय दिला की, वरच्याने पाणी घोट्यापर्यंत चढेतो अडवावे आणि नंतर खालच्यासाठी सोडून द्यावे. किती सोपे माप! त्याला मोजयंत्र लागत नाही, स्वतःच्या पायाकडे पाहिले की पुरे. वरच्याचा अग्रक्रम मान्य आहे, पण त्या अग्रक्रमाला घोट्याची मर्यादा आहे.

शहर वर आहे आणि आपण खाली आहोत, असे समजून आपण हा निर्णय शहराला ऐकवू इच्छितो. तसा ऐकवावाही. पण वाचकहो, प्रत्येक जण कोणाच्या तरी खाली असतो, तसाच कोणाच्या तरी वरही असतो. तुमच्या गल्लीत नळ आधी कोणाच्या घरी येतो आणि शेवटी कोणाच्या? नळाला विद्युत मोटार लावून पाणी खेचणारे घर कोणते? त्या मोटारीचा खटका दाबला की गल्लीच्या टोकावरील घरात नळातून केवळ हवा येते. ती मोटार लावणारा पाचही वेळा पहिल्या सफमध्ये उभा राहत असेल, तरी त्याच्या वुजूच्या पाण्यात शेजाऱ्याचा हक्क मिसळला आहे. मी हे नाव घेऊन सांगत नाही, कारण नाव घेऊ लागलो तर यादी लांबेल.

मस्जिदचे कुलूप

आता स्वतःविषयी सांगणे भाग आहे.

आमच्या मस्जिदची बोअर गावातील चांगल्या बोअरपैकी एक. भिंतीबाहेर एक नळ काढलेला आहे आणि उन्हाळ्यात मोहल्ल्यातील बायका तेथे पाणी भरतात. त्यांत आपल्या घरच्या असतात, तशाच पलीकडच्या आळीतील इतर धर्मीयही असतात. या वर्षी गर्दी वाढली, विजेचे बिल वाढले, मोटार एकदा जळाली. बोअर आटली तर नमाजींच्या वुजूचे काय, ही कमिटीची चिंता खोटी नव्हती. एके दिवशी बाहेरच्या नळाला कुलूप लागले. कोणी माझा सल्ला विचारला नाही, हे खरे. पण मी स्वतः जाऊन बोललोही नाही, हे अधिक खरे.

त्याच जुम्याला मी मिंबरवरून गावकऱ्यांना आवाहन केले की, शहराला द्यावयाच्या अर्जावर सर्वांनी सह्या कराव्यात. तहानलेल्याला पाणी नाकारणे किती मोठा गुनाह आहे, ते मी हदीसचा दाखला देऊन सांगितले. बाहेर आलो तेव्हा पलीकडच्या आळीतील एक वृद्ध बाई कुलपापाशी उभ्या होत्या. त्यांनी मला काही विचारले नाही. घागर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतली आणि त्या निघून गेल्या. ती घागर रिकामी होती, आणि दहा मिनिटांपूर्वी सांगितलेली हदीस अजून माझ्याच कानांत होती.

त्या रात्री मला बी.ए.च्या वर्गात शिकलेली पैठणच्या एकनाथ महाराजांची कथा आठवली. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी केली, असे सांगतात. आपल्या हदीसमध्येही तहानलेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून, चामडी मोज्यातून पाणी आणून पाजणाऱ्या माणसाचे गुनाह माफ झाल्याचे आले आहे. या मातीतील माझ्या शेजाऱ्यांना ही गोष्ट ठाऊक आहे, मला ती ठाऊक आहे, आणि तरी कुलूप आमच्या दाराला होते.

दुसऱ्या दिवशी कमिटीपुढे विषय ठेवला. एक शरई अडचण निघाली आणि ती योग्य होती. बोअर एका कुटुंबाने मस्जिदला वक्फ म्हणून दिलेली. वाकिफचा हेतू वुजूपुरता असेल तर ते पाणी अन्य कामी वापरता येईल काय? आम्ही त्या कुटुंबाकडे गेलो. त्यांनी सांगितले की, वडिलांनी बोअर घेतली तेव्हाच शेजाऱ्यांचा विचार केला होता, बाहेरचा नळ त्यांनीच बसविलेला. हजरत साद बिन उबादा (रजि.) यांनी दिवंगत आईसाठी सर्वोत्तम सदका कोणता असे विचारले, तेव्हा पाणी हे उत्तर मिळाले आणि त्यांनी आईच्या नावे विहीर खोदली, हे आपण जाणतो. या कुटुंबाने वडिलांसाठी चालू ठेवलेल्या सदक्यालाच आम्ही कुलूप घातले होते.

कुलूप निघाले. सकाळी एक तास आणि असरनंतर एक तास अशी वेळ ठरली; घरटी दोन घागरी; मध्ये बोअरला विश्रांती. विजेच्या बिलासाठी वेगळी पेटी ठेवली. बोअर त्यानंतर आटलीच नाही, असा चमत्कार मला सांगायचा नाही. वैशाखाच्या अखेरीस पाणी कमी झाले, तेव्हा दोनऐवजी एक घागर केली आणि आत वुजूच्या नळांवरही तोटीऐवजी लोटे ठेवले. कमी पाणी कमी प्रमाणात सर्वांना मिळाले, इतकेच.

मदयनच्या पाणवठ्यावर

सूरह अल्-कससमध्ये (आयत २३ व २४) हजरत मूसा (अलै.) यांचा प्रसंग आहे. ते मिस्रमधून जीव वाचवून मदयनला पोहोचले. परका मुलूख, डोक्यावर छप्पर नाही, पोटात अन्न नाही. पाणवठ्यावर मेंढपाळांची झुंबड होती आणि दोन स्त्रिया आपली जनावरे आवरून दूर उभ्या होत्या. सर्वांचे आटोपल्यावरच त्यांची पाळी येणार होती. मूसा (अलै.) यांनी त्यांच्या जनावरांना पाणी पाजले. त्यानंतर ते सावलीत जाऊन बसले आणि मग अल्लाहपुढे हात पसरले की, हे पालनकर्त्या, तू जे काही भले माझ्याकडे पाठविशील त्याचा मी गरजवंत आहे.

क्रम पाहा. स्वतः गरजवंत असताना त्यांनी आधी पाजले, मग मागितले. त्यानंतर काय घडले ते आपण वाचतोच. त्यांपैकीच एक मुलगी लाजत बोलावणे घेऊन आली, आणि त्यांना आसरा, काम व कुटुंब लाभले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडले.

म्हणून ज्या ज्या गावातून शहराकडे पाण्याचा अर्ज जाणार आहे, तेथील वाचकांना माझी विनंती आहे. सही करण्यापूर्वी आपल्या घरच्या नळाची मोटार काढून ठेवा. थकलेली पाणीपट्टी भरा. जो जुने देणे देत नाही, त्याच्या नव्या कराराला कोण विचारतो? ज्यांच्या शेतात वा अंगणात बोअर आहे, त्यांनी टँकर भरून देताना शेजाऱ्याच्या घागरीकडे पाठ फिरवू नये. गावातील गाळाने भरलेला आड आणि जुनी बारव श्रमदानाने उपसावी. वुजूचा विचार करावा, प्रेषित (स.) एक मुद्द पाण्यात, म्हणजे सुमारे पाऊण ते एक लिटरमध्ये वुजू करीत आणि साधारण चार मुद्द, म्हणजे एक साअ पाण्यात गुस्ल करीत, हे बुखारी व मुस्लिम दोहोंत आले आहे. आपण तोटी सोडून मोकळ्या हाताने बोलत उभे राहतो. आणि शहराचे पाणी उद्या खरोखर आले, तर आपल्या पुढच्या वाडीला ते कसे पोहोचेल याचा विचार त्याच करारात व्हावा. आपण खरेदीदार झालो तरी आपली बादली इतरांच्या बादलीइतकीच.

हे लिहीत असताना शहराचे अंतिम उत्तर आलेले नाही. बोलणी चालू आहेत. हो आले तर आपण दर देऊ, आणि अल्लाहचे व त्या शहराचेही आभार मानू. नाही आले तरी बाहेरच्या नळाला पुन्हा कुलूप लागणार नाही, असे कमिटीने ठरविले आहे.

हे अल्लाह, आमच्या शिवारांवर रहमतचा पाऊस पाड. ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांची मने मोठी कर आणि ज्यांना हवे आहे त्यांचे हात आधी देणारे कर. आमच्यापैकी कोणाच्याही दारातून रिकामी घागर परत जाऊ देऊ नकोस. आणि ज्या दिवशी सारेच तहानलेले असतील, त्या दिवशी आम्हाला हौजे कौसरवर तुझ्या प्रेषितांच्या (स.) हातून पाणी नसीब कर. आमीन.